मोजमापाच्या आतल्या गोष्टी (भाग 9) : वेष पालटून येणारे पन्नास हर्ट्झ

अंबरनाथच्या मोरिवली किंवा बदलापूरच्या एमआयडीसीतला एखादा लहानसा केमिकल कारखाना डोळ्यांपुढे आणा. रिॲक्टरच्या थर्मोवेलमध्ये के-टाइप थर्मोकपल, तिथून तीस-चाळीस मीटर केबल, पॅनलमध्ये डेटा लॉगर. लॉगर सेकंदाला दहा रीडिंग घेतो. बॅच लागली आहे, स्टीम स्थिर आहे, आणि स्क्रीनवरचा ट्रेंड मात्र अर्ध्या मिनिटाच्या संथ लयीत पाच अंश वर, पाच अंश खाली झुलतो आहे. आधी पीआयडीच्या ट्यूनिंगवर संशय जातो, मग स्टीम व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह खोलला जातो. त्यात काहीच निघत नाही.

कारण तापमान हलतच नसतं. हलतो तो तारेत शिरलेला विजेचा गोंगाट, म्हणजे हम. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झ म्हणायची, पण ग्रिड कोडने तिला 49.90 ते 50.05 एवढी मोकळीक दिलेली आहे. या घडीला ती 49.97 आहे असं धरा. दोन रीडिंगमधल्या 0.1 सेकंदात विजेची 4.997 आवर्तनं होतात. म्हणजे प्रत्येक रीडिंग लाटेवर जवळपास त्याच जागी पडतं, किंचित मागे. असं सरकत सरकत 333 रीडिंगनंतर एक फेरी पूर्ण होते आणि पडद्यावर 33 सेकंदांची देखणी लाट उमटते. के-टाइप थर्मोकपल अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देतं. त्यामुळे तारेत 200 मायक्रोव्होल्टचा हम शिरला की पाच अंशांचा झोका तयार. आणि फ्रीक्वेन्सी बरोबर 50 वर आली तर लाट जागीच थिजते. मग ते रीडिंग नुसतंच काही अंश चुकीचं दिसतं आणि कॅलिब्रेशनवाल्याला बोलावणं जातं. हा जास्त वाईट प्रकार, कारण त्यात शंका घ्यायलाही जागा राहत नाही.

यालाच एलियसिंग म्हणतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: लॉगरचा वेग दहावरून नऊ रीडिंगवर आणा. खरं तापमान असेल तर ट्रेंडची लय तीच राहील; एलियस असेल तर ती संथ लाट मोडून पडेल.

यावर हटकून येणारा सल्ला म्हणजे ‘सॉफ्टवेअरमध्ये ॲव्हरेजिंग लावा’. त्याने इथे काही होत नाही. 33 सेकंदांच्या लाटेवर एका सेकंदाची सरासरी काढली तरी लाट तशीच राहते. एकदा सँपल घेतलं की खरी संथ लाट आणि वेष पालटून आलेले 50 हर्ट्झ यांत फरक करणारी कोणतीही माहिती त्या आकड्यांत उरत नाही. जे अडवायचं ते सँपल घेण्याआधी, तारेतच अडवायला हवं. हे काम दोन रेझिस्टन्स आणि तीन कपॅसिटर करू शकतात.

मागच्या भागात डिफरन्शियल इनपुट पाहिला: दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट वजा होतो आणि फरक तेवढा उरतो. फिल्टर लावताना हाच गुण हातचा जाऊ शकतो. रचना अशी: दोन्ही तारांत एकेक रेझिस्टन्स, प्रत्येक तारेपासून कॉमनला एकेक लहान कपॅसिटर, आणि दोन तारांच्या मध्ये एक मोठा. बरेच जण हा मधला गाळतात आणि कॉमनला जाणाऱ्या दोघांवरच काम भागवतात. पण दोन कपॅसिटर कधीच तंतोतंत सारखे नसतात.

आकडे घेऊ. रेझिस्टन्स 1 किलोओम, कॉमनला 10 नॅनोफॅरड, त्या दोघांत दहा टक्के फरक. जवळच्या मोटारीच्या ड्राइव्हमुळे दोन्ही तारांवर 10 किलोहर्ट्झचा 1 व्होल्ट गोंगाट सारखाच आला आहे. एका तारेवर तो थोडा जास्त दबतो, दुसरीवर थोडा कमी, आणि वजाबाकीत सुमारे 45 मिलिव्होल्ट उरतात. सिग्नलसारखेच दिसणारे, फिल्टरनेच घडवलेले. आता मध्ये 100 नॅनोफॅरड लावा: 45 चे 4 होतात. म्हणूनच मधला कपॅसिटर बाजूच्यांच्या निदान दहापट ठेवतात. मधला दोन्ही तारांना सामाईक असल्यामुळे त्याची किंमत पाच-दहा टक्के चुकली तरी कटऑफ (ज्या फ्रीक्वेन्सीपासून फिल्टर दाबू लागतो ती) इकडचा तिकडे होतो, एवढंच. समतोल बिघडत नाही. पैसे खर्च करायचे ते बाजूच्या दोघांवर: सी-झीरो-जी जातीचे, पाच टक्क्यांचे. रेझिस्टन्स एक टक्क्याचे मेटल फिल्म.

कटऑफ काढताना रेझिस्टन्स दोनदा मोजायचा, कारण प्रवाह एका तारेने जाऊन दुसरीने परततो. आणि मधल्या कपॅसिटरमध्ये बाजूच्याचा निम्मा भाग मिळवायचा. वरच्या आकड्यांचा कटऑफ 758 हर्ट्झच्या आसपास येतो. लोडसेलवरचं जलद वजन मोजायला, सँपलिंग पुरेसं वेगवान असेल तर, तो चालेल. थर्मोकपलला तो निरुपयोगी, कारण 50 हर्ट्झ त्यातून सहज पार होतात. तिथे 10 किलोओम आणि मध्ये 10 मायक्रोफॅरड घेतले तर कटऑफ 0.8 हर्ट्झच्या जवळ येतो, 50 हर्ट्झ साठेकपटीने दबतात आणि पाच अंशांचा झोका 0.08 अंशावर येतो. फिल्टरचा उशीर (टाइम कॉन्स्टंट) 0.2 सेकंद. थर्मोवेल स्वतःच त्याहून कितीतरी सुस्त असते.

पण इथेच एक मेख आहे. तुटलेलं थर्मोकपल ओळखण्यासाठी पुष्कळ लॉगर तारेतून बारीकसा प्रवाह सोडत राहतात. तो 1 मायक्रोॲम्पिअर असला तरी आपल्या 20 किलोओममध्ये 20 मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे पाचशे अंशांच्या जवळपास चूक! रेझिस्टन्स दहापट कमी केला तरी पन्नास अंश राहतात. तेव्हा लॉगरच्या पुस्तिकेत ती सोय बंद करता येते का, किंवा प्रवाह दोन रीडिंगच्या मध्येच क्षणभर सोडला जातो का, हे आधी पाहावं. क्षणभर सोडला जात असेल तर त्यानंतर फिल्टरला शांत व्हायला टाइम कॉन्स्टंटच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागतो, आणि सेकंदाला दहा रीडिंगचा हट्ट सोडावा लागतो. तापमानासाठी तो मुळातच कशाला हवा होता, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता रेल्वेबद्दल. विठ्ठलवाडी ते बदलापूर रुळांलगतच्या शेडमध्ये हमचं खापर हमखास ओव्हरहेड वायरवर फुटतं. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मुख्य मार्गावर 1500 व्होल्ट डीसी जाऊन 25 किलोव्होल्ट, 50 हर्ट्झ एसी आलं, ते काम 2015 मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे आरोप अगदीच निराधार नाही. तरी गुन्हेगार बहुधा घरातलाच असतो: एकाच केबल ट्रेमध्ये मोटारीच्या केबलला चिकटून आणलेली थर्मोकपलची तार. ट्रे वेगळा करणं हा फिल्टरच्या आधीचा उपाय आहे.

हे सगळं आता चैनीचं राहिलेलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक उद्योगांच्या 17 वर्गांना सांडपाणी आणि धूर यांचं ऑनलाइन मोजमाप लावायला सांगितलं. तिथे आकडा माणसाच्या नजरेखालून न जाता थेट सर्व्हरवर जातो, आणि वेष पालटलेला हम त्यात पीएच किंवा प्रवाह म्हणून नोंदला जाऊ शकतो.

जोडणीतल्या दोन गोष्टी. फिल्टर लॉगरच्या टर्मिनलला खेटून लावा, थर्मोकपलच्या डोक्यात नको. केबलमध्ये शिरणारा हम नाहीतर फिल्टरच्या पुढे शिरेल. आणि बाजूच्या कपॅसिटरांची दुसरी टोकं लॉगरच्या ॲनालॉग कॉमनला न्या. पॅनलच्या दाराजवळच्या अर्थ बोल्टला नेली, तर ड्राइव्हचा सगळा कचरा त्याच वाटेने इनपुटवर चढतो.

पुढच्या आठवड्यात: एकच एडीसी सोळा चॅनलवर फिरवला की शेजारच्या चॅनलचं भूत कसं उरतं.