घरात माणसे नऊ, गाडीत सीट सात : मोठी गाडी घेताना

महाडच्या बाजूला फर्निचरचा कारखाना चालवणारे आमचे एक परिचित आहेत. २०२५ च्या दिवाळीनंतर एके दिवशी ते आमच्याकडे आले ते चार शोरूमची रंगीत माहितीपत्रके बगलेत मारूनच. म्हणाले, "भाई, सगळ्यांना सल्ला देता, आता मला सांगा. अम्मी-अब्बा, आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या घरवाल्या आणि पोरे तीन. नऊ माणसे. हाताशी नऊ लाख रुपये आहेत. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही. कुठली गाडी घेऊ?"

आम्ही गाडीचे नाव न घेता त्यांना उलट विचारले, की हे नऊ लाख आले कुठून? तेव्हा कळले की त्यातली निम्मी रक्कम लग्नसराईचे कपाट-पलंग करण्यासाठी सागवान भरायची होती. म्हणजे गाडीची निवड ही नुसती घरातली गोष्ट राहिली नव्हती. कारखान्याचे भांडवल दारात उभे करायचे की नाही, हा प्रश्न होता. आपल्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे तो असाच येतो, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडत आहोत.

पहिली गोष्ट माणसे मोजण्याची. घरात नऊ माणसे आहेत म्हणून नऊ जणांची गाडी पाहिजे असे आपण धरून चालतो. त्याऐवजी दिवस मोजावेत. नऊच्या नऊ माणसे एका वेळी वर्षातून किती वेळा बाहेर पडतात? आमच्या परिचितांनी बोटांवर मोजले तर दोन ईदा आणि नात्यातली दोन लग्ने, एवढेच निघाले. बाकी वर्षभर पाच, फार तर सहा माणसे. वर्षातल्या चार दिवसांसाठी भाड्याची मोठी गाडी करणे केव्हाही स्वस्त. सात सीटच्या गाडीत "लहान पोरे आहेत, मावतील" म्हणून नऊ जण कोंबणे मात्र महागात पडते. नोंदणीच्या कागदावर जेवढी आसने तेवढ्यांचाच विमा असतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच काढते.

दुसरी गोष्ट तिसऱ्या ओळीची. मोठ्या गाडीत पैसे तिसऱ्या ओळीचे द्यायचे असतात, पण शोरूममध्ये गेल्यावर माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, स्टिअरिंग फिरवतो आणि खूश होतो. सर्वांत मागे जाऊन दहा मिनिटे कुणी बसत नाही. तेथे गुडघे छातीला लागतात काय, डोके छताला टेकते काय, पट्टा तीन ठिकाणी बांधला जातो काय, हे पाहावे. शिवाय तिसरी ओळ उभी असताना मागे सामानाला किती जागा उरते तेही पाहावे. रेनॉल्ट ट्रायबरमध्ये सातही सीट लावल्या तर ८४ लिटर जागा राहते, म्हणजे दोन पिशव्या. त्याच गाडीची मागची ओळ पूर्ण काढून घरी ठेवता येते, मग ६२५ लिटर जागा होते. मारुती अर्टिगामध्ये सातही सीट उभ्या असताना २०९ लिटर जागा राहते, मात्र सीएनजीची अर्टिगा घेतली तर त्याच जागेवर टाकी येते. सात माणसे आणि चार बॅगा घेऊन सीएनजी गाडीने मुंबईहून रत्नागिरीला निघालेल्यांना सामान छतावर बांधावे लागते, ते यामुळेच.

आता गाड्यांकडे येऊ. जुन्या वाचकांना टोयोटा क्वालिस आठवत असेल. २००० साली आली आणि २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. शेव्हरोलेची टवेराही आपल्या लोकांनी पुष्कळ वापरली, पण त्या कंपनीने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणेच बंद केले. नाशिकला तयार होणारी महिंद्राची मराझो २०१८ मध्ये आली, तीही पुढे बंद पडली. गाडी बंद झाली की सुटे भाग हळूहळू दुर्मिळ होतात आणि विकताना भाव पडतो. म्हणून फारच स्वस्त मिळाली तरी बंद पडलेली गाडी घेताना आपल्या मेकॅनिकला आधी विचारावे.

सात-आठ सीटच्या गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक, ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या आणि मागची चाके ओढणाऱ्या. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, बोलेरो निओ आणि स्कॉर्पिओ-एन या जातीच्या. दुसऱ्या, ज्यांचा सांगाडा आणि बॉडी एकच असते आणि पुढची चाके ओढतात. अर्टिगा, किआ कॅरेन्स, ट्रायबर आणि २०२२ अखेर आलेली इनोव्हा हायक्रॉस या त्यातल्या. माणसे आणि सामान भरले की वजन मागे जाते. घाटात ओल्या चढावर पुढची चाके ओढणाऱ्या गाडीची पकड त्यामुळे जरा कमी होते. ज्यांचा रस्ता रोज खडीचा, वाडीवरचा किंवा घाटाचा आहे त्यांनी पहिल्या जातीचा विचार करावा. मात्र या गाड्या उंच असतात, डुलतात आणि चढायला-उतरायला कष्ट पडतात. घरात गुडघे दुखणारी अम्मी असेल तर हा मुद्दा घाटापेक्षा मोठा ठरतो. बोलेरोच्या मागच्या दोन सीट बाजूला तोंड करून आहेत. लांबच्या प्रवासात तेथे वयस्कर माणसाला बसवू नये, आणि पोरांना तर नाहीच नाही.

अर्टिगा २०१२ मध्ये आली आणि २०१८ मध्ये तिचे नवे रूप निघाले. तिचे बळ साधेपणात आहे. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, गावोगावी दुरुस्ती, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक हजर. उणी बाजू सुरक्षेची. २०१९ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला तीन तारे होते. २०२४ मध्ये, नियम कडक झाल्यावर, आफ्रिकेच्या बाजारासाठी भारतात बनवलेल्या अर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. २०२५ पासून भारतातल्या अर्टिगामध्ये सहा एअरबॅग आल्या आहेत. कॅरेन्स २०२२ ची. ती अर्टिगापेक्षा लांब, ४५४० मिलिमीटर. तिच्या वरच्या प्रकारांत बटण दाबले की मधली सीट आपोआप दुमडते आणि मागे जायला वाट मोकळी होते. कागदावर ही किरकोळ गोष्ट वाटते, पण साडी किंवा बुरखा सावरत मागच्या ओळीत जाणाऱ्या बाईमाणसाला विचारून पाहा. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० या दोघींना ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले, परंतु त्यांची तिसरी ओळ पोरांपुरतीच समजावी.

इनोव्हाची गोष्ट निराळी. तिसऱ्या ओळीत तीन मोठी माणसे बसतील अशी आठ सीटची गाडी घ्यायची तर आजवर लोकांनी तिच्याकडेच बोट दाखवले आहे. क्रिस्टा २.४ लिटर डिझेलची, ओझे घेऊन दिवसभर धावणारी. हायक्रॉस लांबीला ४७५५ मिलिमीटर, आणि तिच्या हायब्रिड प्रकाराचे प्रमाणित मायलेज लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. शहरातल्या गर्दीत हायब्रिड जास्त वाचवते, मोकळ्या महामार्गावर फरक कमी होतो. पण किंमत अर्टिगाच्या जवळजवळ दुप्पट. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर फिरणाऱ्या दुकानदाराला इंधनातून तो फरक भरून निघायला इतकी वर्षे लागतात, की तोवर गाडी म्हातारी होते.

डिझेलबद्दल एक सूचना. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांबवर, चांगल्या वेगाने चालावी लागते. घर ते दुकान असा दोन किलोमीटरचाच वापर असेल तर जाळी तुंबते आणि खर्च बसतो. अशांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

आता कर. हा भाग व्यापारी बंधूंनी दोनदा वाचावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरील जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या, पेट्रोल-सीएनजीत १२०० आणि डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. सात सीटच्या गाड्यांत ट्रायबर, बोलेरो आणि बोलेरो निओ १८ टक्क्यांत बसतात. अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा ४० टक्क्यांत. आमच्या परिचितांना एका शोरूममधल्या पोराने सांगितले होते, "तुमचा जीएसटी नंबर आहे ना, मग हा कर तुम्हाला परत मिळेल." हे साफ चूक आहे. ड्रायव्हर धरून तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट कायद्याने बंद आहे. टॅक्सी चालवणारे, गाड्या विकणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांनाच ते मिळते. बारा लाखांच्या अर्टिगामध्ये सुमारे तीन लाख त्रेचाळीस हजार हा नुसता जीएसटी असतो. तो परत येईल या भरवशावर कुणी गाडी बुक केली तर वर्षअखेरीस हिशेबनीस डोक्याला हात लावेल. माल वाहणाऱ्या टेम्पोवर मात्र हे क्रेडिट मिळते.

गाडी कुणाच्या नावावर घ्यावी, हाही कळीचा मुद्दा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांची पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर घेतली तर वाहन कर १२ टक्के, डिझेलला १४ टक्के. तीच कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीवर फरक शहाण्णव हजारांचा. दुकान एकट्या मालकाचे असेल तर गाडी स्वतःच्या नावावर घेऊनही धंद्याच्या वापरापुरता घसारा, वर्षाला १५ टक्के दराने, आयकरात दाखवता येतो. जे ६ किंवा ८ टक्के नफा धरून साधे विवरण भरतात, त्यांना तो वेगळा मिळत नाही.

राहिली जुनी गाडी. व्याज नको आणि भांडवलही मोडायचे नाही, अशांना हीच वाट मोकळी आहे. पण आपल्या भागात एक धोका आहे, पाण्याचा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते. त्या वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर समजून जावे. पायाखालचा गालिचा उचलावा, स्टेपनीच्या खाचेत हात घालावा. किनाऱ्यालगतच्या गाडीचा सांगाडा खालून गंजला आहे काय ते लिफ्टवर चढवून पाहावे. पूर्वी टॅक्सी परमिटवर होती काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, ई-चलन बाकी आहे काय, हे आरटीओच्या नोंदीत तपासावे. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली आहे काय, हे कंपनीच्या पुस्तकात पाहावे. व्यवहार झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. "ओळखीचाच माणूस आहे" म्हणून नाव बदलायचे राहून जाते आणि मग अपघाताचे लफडे जुन्या मालकाच्या दारात जाते.

आमचे परिचित महिनाभर फिरले. ट्रायबर त्यांच्या पैशात नवी बसत होती, करही कमी होता. पण हजार सीसीपेक्षा लहान इंजिनाची गाडी सात माणसे घेऊन आंबेनळी घाट कशी चढते, हे त्यांनी मेहुण्याच्या गाडीतून पाहिले आणि ते गप्प झाले. आठ सीटची जुनी क्रिस्टा मनात भरली होती, तिचा मालक अकरा लाखांखाली येईना. धाकटा भाऊ म्हणाला, भिशीचे पैसे घालू. तेव्हा अब्बा म्हणाले, "लाकूड काय भिशीने येणार आहे?" शेवटी त्यांनी साडेसात लाखांत एका शिक्षकाची जुनी पेट्रोल अर्टिगा घेतली. सागवान निम्मे भरले, उरलेले पुढच्या उधारीच्या वसुलीवर ठेवले. अम्मींना मधल्या ओळीत डाव्या बाजूची जागा मिळाली, दार उघडले की पाय थेट जमिनीवर. पुढच्या ईदला नऊ जणांनी एकत्र निघायचे ठरले तेव्हा मोठ्या भावाने दोन पोरांना घेऊन एसटी पकडली.