थंडीत सेफ्टी शूज पंजाला आवळतात? एक नंबर मोठा घेऊन प्रश्न सुटत नाही

डिसेंबर उजाडला, की मोशी, भोसरी, चिखलीहून पहाटे दुचाकीवर चाकणकडे निघणाऱ्या कामगारांच्या पायात जाड मोजे येतात. ज्यांचा पंजा मुळातच रुंद आहे, त्यांची पंचाईत इथूनच सुरू होते. स्टोअरमधून मिळालेला ८ नंबरचा सेफ्टी शू पातळ मोज्यावर कसाबसा बसत होता, तो आता करंगळीला काचतो. मग कोणी टाच दुमडून चप्पलेसारखा बूट घालतो, कोणी लाइनवर सुपरवायझर नसेल तेव्हा काढूनच ठेवतो. प्रेस शॉपमध्ये हे दोन्ही महागात पडू शकते.

पाय रुंद, साचा परका

दोष पायाचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १ लाख १ हजार ८८० जणांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले. त्यावरूनच 'भा' ही स्वदेशी मापपद्धत सुचवण्यात आली. आपल्याकडे मात्र अजून ब्रिटिश नंबर चालतात आणि कारखान्यांत येणारे बहुतेक बूट एकाच रुंदीचे असतात. युरोपात सेफ्टी शूजसुद्धा एकाच लांबीला दोन-चार रुंदींत मिळतात.

'एक नंबर मोठा घे'

हा सल्ला सगळेच देतात. पण ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. म्हणजे बूट सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. पंजाची रुंदी वाढते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. दोन नंबर मोठा घेतला, तर बुटाचा वाकण्याचा भाग पायाच्या वाकण्याच्या जागी येत नाही, टाच सरकते आणि शिडीवर पाय अडखळतो.

साधा चामडी बूट चांभार साच्यावर ताणून देतो. सेफ्टी शूच्या पुढच्या टोपीला तो उपाय लागू नाही, कारण न वाकणे हेच तिचे काम. 'आयएस १५२९८'च्या भाग २ नुसार या टोपीने २०० जूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडल्यासारखा. भाग ३ मधील बुटांना हीच मर्यादा १०० जूल आहे, तर भाग ४ मधील बुटांना टोपीची अटच नाही. रुंद बसतो म्हणून डाय हाताळणाऱ्याने भाग ४ चा बूट निवडला, तर बोटे उघड्यावरच. आयएसआय चिन्हाजवळचा भाग क्रमांक वाचावा.

ऊब कशाने?

पोलाद उष्णता चटकन वाहून नेते. म्हणून थंड हवेत दुचाकी चालवताना बोटे आधी गारठतात. फायबर किंवा प्लॅस्टिकची, म्हणजेच कंपोझिट टोपी तितकी गार पडत नाही. मात्र ती अनेकदा जाड असते; घालून पाहिल्याशिवाय आत जागा किती उरते ते कळत नाही. घट्ट बुटात जाड मोजा कोंबला, तर रक्तपुरवठा दबून पाय उलट जास्त गार पडतो. मोकळ्या बुटात एक लोकरीचा मोजा पुरे. 'सीआय' खुणेच्या बुटांची थंडीची चाचणी उणे १७ अंशांवर होते. ते कोल्ड स्टोरेजसाठी ठीक, चाकणच्या थंडीला त्यांची गरज नाही.

माप कसे घ्यावे?

शिफ्ट संपल्यावर, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असतात. हिवाळ्यातला मोजा घालून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांची कड पेन्सिलीने काढा आणि सर्वांत रुंद जागी मोजा. मोठा पाय धरायचा. बुटाचा आतला तळवा सुटा निघत असेल, तर तो काढून त्यावर उभे राहा. पंजा कडेबाहेर येत असेल, तर तो बूट तुमचा नाही. मधुमेहामुळे पाय बधिर असणाऱ्यांनी तर 'घालून सवय होईल' या भरवशावर राहूच नये. त्यांना जखम झाल्याचे उशिरा कळते.

पैसे कुणाचे?

मालकाने कायद्यानुसार पुरवायच्या सुरक्षा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११४ मध्ये हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. त्यामुळे कागदावरचे माप घेऊन सेफ्टी ऑफिसरकडे रुंद साच्याची मागणी लेखी द्यावी. कंत्राटी कामगारानेही ती द्यावी.

ओला बूट हीटरजवळ ठेवू नका, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. आणि टोपीवर एकदा जोराचा मार बसला असेल, तर बूट वरून धड दिसला तरी बदलून घ्या.