पाँ द्यू गार : पाण्याचा पूल, वाटेचा पूल

दक्षिण फ्रान्समध्ये उझेस आणि नीम या गावांच्या दरम्यान गार्दों नदी चुनखडीच्या टेकड्या कापत वाहते. या नदीवर एकावर एक कमानींच्या तीन रांगा रचलेला पूल उभा आहे. त्याचे नाव पाँ द्यू गार. त्याची उंची सुमारे ४९ मीटर आहे. रोमन लोकांनी तो पाणी नेण्यासाठी बांधला. माणसांची आणि गाड्यांची वहिवाट त्यावरून पुढे कित्येक शतकांनी सुरू झाली.

आजचे नीम हे रोमन काळातील नेमाउसुस. वाढत्या शहराला हमामखान्यांसाठी आणि कारंज्यांसाठी मुबलक पाणी हवे होते. ते उझेसजवळच्या झऱ्यांवरून आणायचे ठरले. सरळ रेषेत हे अंतर वीसेक किलोमीटर. पण मधे डोंगर असल्याने पाट वळसे घेत सुमारे ५० किलोमीटर न्यावा लागला. झरा आणि शहर यांच्या पातळीत फरक जेमतेम साडेबारा मीटरांचा. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी २५ सेंटीमीटर उतार. पाटाचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो. गार्दोंच्या दरीत मात्र त्याला पुलावरून न्यावे लागले. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा उतार अवघा अडीच सेंटीमीटर भरतो.

हे काम इसवी सनापूर्वी १९च्या सुमारास रोमन सेनापती आग्रिपाने केले, असे पूर्वी मानले जाई. अलीकडच्या उत्खननांवरून ते इ. स. ४० ते ६० या काळातले असावे असे दिसते. दगड जवळच्याच खाणीतला, पिवळसर आणि शिंपल्यांचे अवशेष असलेला चुनखडक. खालच्या दोन मजल्यांचे चिरे चुन्याविना, केवळ घडाईच्या नेमकेपणावर बसवले आहेत. काही चिरे सहा टनांपर्यंतचे आहेत. खालच्या मजल्यावर ६ कमानी, मधल्यावर ११ आणि सर्वांत वर पूर्वी ४७ लहान कमानी होत्या. त्यांतल्या ३५ आज उरल्या आहेत.

जवळून पाहिले की बांधकामाची रीत कळते. भिंतीतून जागोजागी दगडांची टोके बाहेर आलेली आहेत. परांच्या आणि कमानींचे लाकडी साचे त्यांवर टेकवले जात. काही चिऱ्यांवर लॅटिन अक्षरे आणि आकडे कोरलेले आहेत. ‘दर्शनी बाजू, डावीकडे, तिसरा’ अशा अर्थाच्या या खुणांवरून गवंड्याला चिरा कुठे बसवायचा ते समजे.

पाटातून दिवसाला चाळीस हजार घनमीटरांपर्यंत पाणी वाहत असावे, असा अंदाज आहे. नीममध्ये ते एका गोल हौदात पडे आणि तिथल्या नळांतून शहरभर जाई. पण झऱ्याच्या पाण्यात चुना फार. पाटाच्या दोन्ही बाजूंना त्याचे थर चढत गेले आणि काही ठिकाणी एकेक थर अर्ध्या मीटरच्या आसपास जाड झाला. रोमन सत्ता ढासळल्यावर साफसफाई थांबली, पाट चोंदत गेला आणि सहाव्या शतकाच्या सुमारास निकामी झाला. हेच घट्ट थर पुढे लोकांनी फोडून नेले आणि चर्च व घरे बांधायला वापरले.

निकामी पाटाचे बाकीचे दगड असे पांगत असताना पूल टिकला, तो नदी ओलांडायला उपयोगी पडल्यामुळे. मध्ययुगात मधल्या मजल्याचे खांब एका बाजूने तासून वाट काढली गेली. उझेसच्या सरदारांना आणि बिशपना जकातीचा हक्क मिळाला. त्या बदल्यात डागडुजी त्यांच्याकडे होती. सतराव्या शतकात ड्यूक द रोआँ या सरदाराने तोफा नेण्यासाठी खांब आणखी तासले आणि पूल धोक्यात आला. अखेर १७४३ ते १७४७ या काळात आंरी पितो या अभियंत्याने खालच्या मजल्याला चिकटून वाहतुकीचा वेगळा पूल बांधला. विमानाचा वेग मोजण्यासाठी वापरली जाणारी पितो नळी याच्याच नावाची.

एवढे काम माणसाच्या हातचे कसे, या नवलातून एक दंतकथा जन्मली. सैतानाने पूल बांधून दिला. मोबदला म्हणून पहिल्यांदा ओलांडणाऱ्याचा जीव मागितला. गावकऱ्यांनी पुलावर ससा सोडला. चिडलेल्या सैतानाने तो पुलावर आपटला.

खऱ्या पाथरवटांनीही आपली आठवण इथे ठेवली आहे. कसब शिकत देशभर फिरणारे फ्रेंच कारागीर हा पूल पाहायला मुद्दाम येत आणि दगडावर आपली नावे व अवजारे कोरून जात. एकोणिसाव्या शतकात पूल मोडकळीला आला होता. तिसऱ्या नेपोलियनने १८५० मध्ये तो पाहिला आणि १८५५ ते १८५८ दरम्यान शार्ल लेने या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली त्याची मोठी दुरुस्ती झाली.

गार्दोंचे पूर अचानक येतात. १९५८च्या पुरात खालचा मजला पाण्याखाली गेला, तरी पूल जागचा हलला नाही. १९८५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. पितोच्या पुलावरची मोटारींची वाहतूक आता बंद आहे; त्यावरून लोक पायी जातात, आणि खाली कमानींमधून उन्हाळ्यात होड्या वल्हवत नेतात.