येणे बाकी

बँकेत तीस वर्षं काढली की एक खोड लागते. कुणाच्या यशाची वार्ता वाचली की जमेची बाजू पाहून समाधान होत नाही. नावेची बाजूही पाहावीशी वाटते. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरातल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या विद्यापीठाबद्दल वाचताना माझं तसंच झालं.

नावातला ‘ए’ शेतीचा, ‘टी’ तंत्रशिक्षणाचा. 1890 च्या अमेरिकन कायद्याने राज्यांना बजावलं, की सरकारी कृषी-तांत्रिक महाविद्यालयात काळ्या मुलांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं काढा. राज्याने जुनं दार उघडलं नाही. 1891 मध्ये दुसरं बांधलं. म्हणजे या विद्यापीठाचा जन्मच मुळी नकारातून.

आज तिथे 14 हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. काळ्यांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकन विद्यापीठांत हे सर्वांत मोठं. देशाला सर्वाधिक काळे इंजिनिअर देण्याचा मानही त्याचाच. स्वच्छ ऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी 2022 मध्ये त्याला 2 कोटी 37 लाख डॉलरचं अनुदान मिळालं. 2021 च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत तिथल्या कॅम्ब्रिया स्टर्जिसने 100 आणि 200 मीटर, दोन्ही शर्यती मारल्या.

पण मी थबकलो तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या गोष्टीपाशी. 1959 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटीच्या वाचनालयात नऊ वर्षांचा रोनाल्ड मॅकनेअर पुस्तकं घ्यायला गेला. काळ्यांना पुस्तकं मिळत नाहीत, असं उत्तर आलं. पोरगा हलेना. पोलिसांना बोलावलं, आईही धावत आली. शेवटी पुस्तकं मिळाली. पुढे 1971 मध्ये तो ए अँड टीमधून भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला, 1984 मध्ये अंतराळात गेला आणि 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेला.

दरम्यान 1 फेब्रुवारी 1960 रोजी ए अँड टीच्याच पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी वुलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांच्या काउंटरवर कॉफी मागितली आणि नकार मिळाल्यावर तिथेच ठिय्या दिला. जुलैत ते काउंटर सर्वांना खुलं झालं.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मला तर नाहीच. 1991 च्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एका शेतमजुराचा मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पत्र घेऊन आला. तारण नाही, जामीनदार नाही. मी नियम सांगितला. तो अर्धा तास समोरच्या बाकावर बसून राहिला, मग पत्राची घडी घालून निघून गेला. पुन्हा आला नाही. त्या बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आता नावेची बाजू. 2023 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण व कृषी मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. गोऱ्यांसाठी निघालेल्या कृषी विद्यापीठांना दर विद्यार्थ्यामागे जेवढा पैसा दिला, तेवढाच काळ्यांच्या विद्यापीठांना दिला असता, तर 1987 ते 2020 या काळात त्यांना 1200 कोटी डॉलरहून अधिक मिळाले असते. एकट्या ए अँड टीचं येणं सुमारे 200 कोटी डॉलर!

म्हणून मला भीती वाटते ती कौतुकाची. “बघा, इतक्या कमी पैशात केवढं करून दाखवलं!” या वाक्यात शाबासकी असते, आणि थकबाकी बुडीत खात्यात टाकायची सोयही. शाबासकीने कर्ज फिटत नसतं.

तो मुलगा स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला असेल, अशी मी मनाची समजूत घालतो. झाला असेलही. माझ्या खात्यावरची बाकी त्याने कमी होत नाही.