मूत्राशयशोथ

मूत्राशयाच्या श्लेष्मकलेला (आतील बुळबुळीत अस्तराला) सूक्ष्मजंतुसंसर्गामुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेस ‘मूत्राशयशोथ’ म्हणतात. बृहदांत्रात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा एश्चेरिकिया कोलाय हा जंतू बहुतेक रुग्णांत कारणीभूत असतो. तो मूत्रमार्गातून वर चढतो. हा मार्ग स्त्रियांत सु. ४ सेंमी., तर पुरुषांत सु. २० सेंमी. लांब असल्यामुळे विकार स्त्रियांत पुष्कळच अधिक आढळतो. पुरुषांत तो झाल्यास अष्ठीला ग्रंथीची वृद्धी, मूतखडा यांसारखे मूळ कारण शोधावे लागते.

वारंवार लघवीला लागणे, लघवी करताना जळजळ, ओटीपोटात दुखणे व गढूळ, क्वचित रक्तमिश्रित लघवी ही लक्षणे होत. थंडी वाजून ताप व कुशीत वेदना ही मात्र संसर्ग वृक्कापर्यंत पोहोचल्याची चिन्हे असून त्यांवर विनाविलंब उपचार हवेत.

स्त्रियांतील साध्या विकारात वैद्याच्या सल्ल्याने नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅ.ची एकच मात्रा सामान्यतः पुरते. घरात उरलेली प्रतिजैवे स्वतःच्या मनाने घेण्याचा प्रघात घातक आहे. भारतात सिप्रोफ्लॉक्सासिन आता अनेकदा निष्प्रभ ठरते. लक्षणांविना जंतू आढळल्यास सहसा औषध देत नाहीत; गर्भारपणी मात्र द्यावेच लागते.

जळजळीच्या भीतीने पाणी कमी पिणे अपायकारक होय, कारण मूत्रप्रवाहानेच जंतू धुऊन निघतात. शेतात, बाजारात वा प्रवासात शौचालयाची सोय नसल्याने असंख्य स्त्रिया तहान मारतात व लघवी तासन्‌तास रोखून धरतात. त्यांच्या बाबतीत नुसत्या उपदेशाने प्रतिबंध साधत नाही. ऋतुनिवृत्तीनंतर विकार वारंवार उद्‌भवत असल्यास योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेन मलम उपयुक्त ठरते.