इंग्रजी यमकी शब्द : नाद, लेखन व अर्थ

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून सन २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचा परिचय करून देण्यात येतो. तत्पूर्वी हा विषय इयत्ता पाचवीत सुरू होत असे. पाचवीतील मुलास मराठी लिहिता-वाचता येते. पहिलीतील मुलाजवळ मात्र कानाखेरीज दुसरे भरवशाचे साधन नसते. म्हणूनच आरंभीच्या पाठांत 'कॅट, रॅट, मॅट, हॅट' अशा यमकी शब्दांना मोठे स्थान मिळाले आहे. मुले ही मालिका हौसेने व तालावर म्हणतात. परंतु 'मॅट म्हणजे काय?' असे विचारताच पुष्कळ वर्गांत शांतता पसरते. अर्थावाचून पाठ केलेला शब्द हा केवळ नाद होय. अशा नादाच्या आधारे मूल दुसरीपर्यंत पुढे जाते. पुढे वाक्ये वाचण्याची वेळ आली म्हणजे त्याला काहीच उमगत नाही, आणि 'इंग्रजी आपल्याला जमणार नाही' अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत एकदा रुजली म्हणजे ती काढणे कठीण जाते. म्हणून यमकी शब्द शिकविताना नाद, लेखन व अर्थ या तिन्ही अंगांचा विचार करणे आवश्यक आहे.

यमक ही गोष्ट मराठी मुलास नवी नाही. मानपाडा या नावाची वस्ती ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे, तशीच डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यालगतही आहे. या परिसरातील आगरी घरांत लग्नप्रसंगी धवलारिणी धवले गातात. लग्नात नाव घेताना उखाणा म्हटला जातो. घरातील आजी बडबडगीते म्हणते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक साधलेले असते, हे मुलास सांगता येत नसले तरी त्याच्या कानास ते ठाऊक असते. शिक्षकाने या तयार कानाचा उपयोग करून घ्यावा. 'उखाण्यात शेवटचे शब्द जसे जुळतात, तसे इंग्रजीतही जुळतात,' एवढे सांगितले तरी परक्या भाषेचे परकेपण निम्मे ओसरते.

मात्र मराठीतील यमक व इंग्रजीतील यमक यांत एक भेद आहे. आपल्या साहित्यशास्त्रात तोच अक्षरसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा येणे यास यमक म्हणतात. बसावयाचा पाट व पाण्याचा पाट यांचा मेळ आपल्या कवीस चालतो. इंग्रजीत आघात असलेल्या अक्षरातील स्वर व त्यापुढील सर्व ध्वनी सारखे असावे लागतात. पण त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे असावे लागते. 'ट्रेन' व 'रेन' हे यमक झाले. विमान या अर्थाचा 'प्लेन' व मैदान या अर्थाचा 'प्लेन' हे उच्चाराने अगदी एकच असल्यामुळे त्यांस यमक न म्हणता समोच्चारी शब्द म्हणतात.

शब्द निवडताना शिक्षकाने दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली व १८५४ साली ती कल्याणास पोहोचली. तेव्हापासून या प्रदेशात 'ट्रेन' हा शब्द घरचाच झाला आहे. त्याभोवती एक कुटुंब जमविता येते : रेन म्हणजे पाऊस, चेन म्हणजे साखळी, लेन म्हणजे गल्ली, क्रेन म्हणजे ओझी उचलणारी यारी, ब्रेन म्हणजे मेंदू. गाडी थांबविण्याची साखळी, पावसात खोळंबलेली गाडी, इमारतीच्या कामावरील यारी, ही सर्व मुलांनी पाहिलेली असतात. त्यांना केवळ ओळखीच्या वस्तूचे नवे नाव मिळते.

या परिसरातील दुसरी जोडी 'ईस्ट' व 'वेस्ट' ही होय. डोंबिवलीचे मूल 'आम्ही ईस्टला राहतो' असे सहज सांगते. ईस्ट म्हणजे पूर्व. त्याच्याशी जुळणारे फीस्ट म्हणजे मेजवानी व बीस्ट म्हणजे श्वापद. वेस्ट म्हणजे पश्चिम. त्याच्याशी जुळणारे नेस्ट म्हणजे घरटे, गेस्ट म्हणजे पाहुणा, रेस्ट म्हणजे विश्रांती व बेस्ट म्हणजे सर्वोत्तम. मुंबईची 'बेस्ट' बस ही मुलांच्या ओळखीची आहे. पण ते नाव संस्थेच्या नावातील आद्याक्षरांचे बनलेले आहे, हेही येथे सांगून टाकावे.

आता लेखनाकडे वळू. देवनागरीत सामान्यतः जसे लिहावे तसे वाचावे असा व्यवहार आहे. 'चार' व 'चारा' यांतील 'च' वेगळा उच्चारला जातो, असे अपवाद मराठीतही आहेत. परंतु ते थोडे. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार असल्यामुळे डोळ्यांना जुळलेले शब्द कानाला जुळतीलच असे नाही. 'कम' म्हणजे ये, व 'होम' म्हणजे घर. दोहोंच्या अखेरीस ओ, एम, ई हीच अक्षरे आहेत, तरी यमक नाही. उलट 'कम' व 'ड्रम' यांचे लेखन भिन्न असूनही यमक उत्तम जुळते. 'ट्रेन'मध्ये ए व आय ही अक्षरे एकत्र येतात, तर 'लेन'मध्ये ए आणि अखेरीस मूक ई असते. कान मात्र दोन्ही सारखेच ऐकतो.

या विसंगतीस इतिहास कारण आहे. विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडात १४७६ साली छापखाना काढला व त्यानंतर शब्दांची लेखने हळूहळू स्थिर होत गेली. मात्र त्याच सुमारास सुरू झालेला दीर्घ स्वरांच्या उच्चारांतील मोठा बदल अठराव्या शतकापर्यंत चालू राहिला. उच्चार पुढे गेले आणि लेखन मागे राहिले. त्यापूर्वीच्या हस्तलिखितांत यू हे अक्षर एम वा एन यांच्या शेजारी आले असता उभ्या रेघांचा गोंधळ होई, म्हणून लेखनिक तेथे ओ लिहीत, असे भाषाभ्यासक सांगतात. 'कम' या शब्दात ओ येतो तो असा. 'सन' म्हणजे सूर्य यात यू, पण 'सन' म्हणजे पुत्र यात ओ, याचे मूळही तेथेच आहे. मुलांना हा इतिहास शिकवावयाचा नाही. मात्र शिक्षकास तो ठाऊक असला म्हणजे मुलाची लेखनातील चूक त्याला मूर्खपणाची वाटत नाही.

मराठी मुलांच्या उच्चारात काही अडचणी हमखास आढळतात. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार व उकार बहुधा दीर्घ असतो. तीळ, मीठ, मूल, फूल ही उदाहरणे स्पष्ट आहेत. हीच सवय इंग्रजीत शिरली की 'शिप' म्हणजे जहाज याचे 'शीप' म्हणजे मेंढी होते, आणि 'फुल' म्हणजे भरलेले याचे 'फूल' म्हणजे मूर्ख होते. शिप-लिप व शीप-डीप, फुल-पुल व फूल-कूल ही कुटुंबे वेगवेगळी ठेवून म्हणवून घेतली म्हणजे हा दोष कमी होतो.

दुसरी अडचण देवनागरी लेखनाची आहे. पश्चिम, बनियन आणि वाया जाणे या अर्थांचे तीन इंग्रजी शब्द आपण 'वेस्ट' असेच लिहितो. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठास लागतात, तर तिसऱ्यातील स्वर 'एइ' असा लांबतो. चाचणी या अर्थाचा 'टेस्ट' पहिल्याशी जुळतो. चव या अर्थाचा 'टेस्ट' तिसऱ्याशी. तिसरी अडचण रुळलेल्या शब्दांची आहे. तिकीट, क्रिकेट व विकेट हे मराठीत परस्परांशी पुरते जुळत नाहीत. इंग्रजीत मात्र टिकिट, क्रिकिट, विकिट असे तिन्ही एका घरचे आहेत. मराठी रूप चूक नव्हे. ते मराठीचे आहे, एवढे मुलास समजावून द्यावे.

वर्गात एका पाठास चार-पाच शब्द पुरेत. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम पुस्तक मिटून शब्द ऐकवावेत. जुळणारा शब्द आला की मुलांनी टाळी द्यावी. नंतर प्रत्येक शब्दाचा अर्थ वस्तूने, चित्राने किंवा कृतीने दाखवावा, व शेवटी मराठी शब्द सांगावा. मग फळ्यावर लेखन करावे आणि सारखी अक्षरे एका रकान्यात, निराळी दुसऱ्या रकान्यात मांडावीत. अखेरीस प्रत्येक शब्द लहानशा वाक्यात वापरून घ्यावा. मधूनच 'झॅट' असा निरर्थक शब्द उच्चारावा. तो 'कॅट'शी जुळतो, पण त्यास अर्थ नाही, हे जो विद्यार्थी सांगेल त्याला नाद व शब्द यांतील भेद कळला असे समजावे. घरी आगरी, हिंदी वा अन्य बोली बोलणाऱ्या मुलांना अर्थ त्यांच्या बोलीत सांगू द्यावा. त्यायोगे अर्थ पक्का होतो आणि वर्गास एक नवा शब्द मिळतो.

मूल्यमापन करताना किती शब्द म्हटले याची मोजणी करू नये. 'पाऊस कोणता शब्द?' असे विचारताच मुलाने 'रेन' म्हणावे, आणि 'रेन'शी जुळणारा आणखी एक शब्द अर्थासह सांगावा, एवढे पुरे. दहा शब्द नुसते घोकणाऱ्या मुलापेक्षा असे तीन शब्द जाणणारे मूल पुढील इयत्तेत वाक्य वाचू शकेल.