चाकातलं पाणी

गोडी छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरला उसंत नसते. फवारणीमागून फवारणी. नेमका तेव्हाच बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरतो आणि भोकातून पाणी ठिबकू लागतं. नवख्याला नवल वाटतं, पण हे पाणी मुद्दाम भरलेलं असतं, नांगरताना चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून. वॉल्व्ह वर आणून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर सुमारे ७५ टक्के भरतो. १३.६-२८ मापाच्या एका टायरमध्ये दीडशे लिटरहून जास्त पाणी मावतं. काठोकाठ भरत नाहीत, कारण पाणी दबत नाही. गचके उरलेली हवाच सोसते.

टायर उतरवणं हे खरं कसब. त्याच्या दोन्ही काठांत पोलादी तारांचं कडं असतं. ते ताणत नाही, आणि त्याचा घेर रिंगच्या कडेपेक्षा लहान. मग ते निघतं कसं? रिंगच्या मधोमध खोलगट भाग असतो. एका बाजूचा काठ पायाने त्यात दाबला की समोरच्या बाजूला तेवढीच ढिलाई मिळते, आणि साबणाच्या पाण्यावर काठ सहज सरकतो. हे ठाऊक नसलेला नुसतं बळ लावतो आणि पहारीने ट्यूब फाडून बसतो.

गरम पॅच लावताना उष्णतेने गंधक रबराच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेली ही किमया आजही रस्त्याकडेच्या टपरीत रोज घडते.

हवेकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. शेतात मागच्या चाकाला १२ ते १५ पीएसआय हवा बहुधा पुरते. ट्रकच्या टायरात ती शंभराच्या आसपास असते. जमिनीवर येणारा दाब ढोबळमानाने टायरातल्या हवेइतकाच. कांद्याची ट्रॉली लासलगावला न्यायची तर हवा वाढवावीच लागते, नाहीतर डांबरावर टायरच्या भिंती सारख्या दुमडून तापतात. पण बागेत परतल्यावर ती कमी कोण करतो? ओळींमधल्या त्याच चाकोरीतून ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा जातो, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळं हवेला मुकतात.

एकच ट्रॅक्टर नांगरटीला आणि बागेलाही वापरतात, तिथे ते पाणी वर्षभर वागवणं मला तरी डिझेलची उधळपट्टी वाटते. फवारणीच्या भरलेल्या टाकीचं वजन मागच्या चाकांवर असतंच. पंक्चरसाठी पाणी काढलंच असेल, तर नांगरटीपर्यंत ते परत न भरलेलं बरं.